डॅझलर की ब्लॅक कॅनरी: गाणाऱ्या दोन सुपरनायिकांपैकी आधी कोणती वाचावी?

रात्री स्टेजवर गायचं आणि मधल्या वेळेत गुंडांना बडवायचं, अशी नायिका अमेरिकन कॉमिक्समध्ये अधूनमधून येते आणि बहुतेकदा आपटते. अडचण उघड आहे. कागदाला आवाज नाही. फुग्यात चार ओळी लिहून भोवती सुरांची चिन्हं काढली म्हणजे वाचकाच्या कानात गाणं वाजत नाही. त्यामुळे अशी मालिका निवडताना खलनायक किती मोठा, पोशाख किती झगमगीत, हे नंतर बघावं. आधी बघावं की गाणं काढून घेतलं तर गोष्ट उभी राहते का. गाण्याशिवायही ती तशीच उभी राहत असेल, तर नायिका गायिका असण्याला अर्थ नाही.

या कसोटीवर दोनच मालिका खऱ्या अर्थाने समोरासमोर ठेवण्यासारख्या आहेत: मार्व्हलची 'डॅझलर' (1981 ते 1986, 42 अंक) आणि डीसीची 2015 साली सुरू झालेली 'ब्लॅक कॅनरी' (12 अंक). दोन्ही घ्यायच्या तर प्रश्नच नाही. एकच घ्यायची असेल, किंवा आधी कोणती असा प्रश्न असेल, तर पुढे वाचा.

शक्तीचं गणित

डॅझलर म्हणजे अ‍ॅलिसन ब्लेअर. ती आवाज शोषते आणि त्याचा प्रकाश करते. जितका गोंगाट मोठा, तितका झोत प्रखर. कॉन्सर्टमध्ये हे फार सोयीचं, कारण बँड मागे वाजत असतो आणि लोकांना वाटतं लाइट शो चाललाय. पण शांत गल्लीत कुणी गाठलं तर तिच्याकडे इंधनच नाही. ही मर्यादा लेखकांनी जिथे वापरली तिथे अंक चांगला झालाय. सर्वात नेमकं उदाहरण अंक 9. समोर क्लॉ हा खलनायक, ज्याचं शरीरच घट्ट झालेल्या ध्वनीचं आहे. आवाज खाणाऱ्या मुलीसमोर आवाजाचाच माणूस उभा केला की लढाईचा निकाल शक्तीच्या नियमातूनच निघतो, वरून चिकटवावा लागत नाही. ती त्याला चक्क शोषून घेते. आणि तेवढा साठा अंगात आल्यामुळे पुढच्याच अंकात गॅलॅक्टससारख्या ग्रह गिळणाऱ्याची नजर तिच्यावर पडते. 10 आणि 11 या अंकांत तो तिला आपल्या पळालेल्या दूताला, टेरॅक्सला, कृष्णविवरातून परत आणायला पाठवतो. क्लबात गाण्याची संधी शोधणाऱ्या मुलीला एकदम अशा कामगिरीवर धाडणं म्हणजे वेडेपणा आहे, पण वाचनीय वेडेपणा आहे.

ब्लॅक कॅनरीचं उलट. तिचा आवाज हेच हत्यार. पूर्ण ताकदीने ओरडली तर समोरची भिंत जाते. म्हणजे गाणं म्हणजे प्रत्येक क्षणी स्वतःला आवरणं. डॅझलरला आवाज बाहेरून हवा असतो, कॅनरीला तो आतून दाबायचा असतो. एवढ्या एका फरकामुळे दोन्ही मालिकांचा पोत वेगळा होतो. पहिलीत स्टेज हे सुरक्षित ठिकाण आहे आणि संकट स्टेजवरून उतरल्यावर येतं. दुसरीत संकट थेट कार्यक्रमातच घुसतं, आणि कार्यक्रम संपेपर्यंत हॉल मोडलेला असतो.

कॅनरी मुळात गायिका नाही, हेही लक्षात असू द्या. हे पात्र 1947 साली रॉबर्ट कॅनिगर आणि कारमाइन इन्फँटिनो यांनी आणलं, तेव्हा ती फुलांचं दुकान चालवायची आणि तिला शक्ती वगैरे काही नव्हती. किंचाळीची शक्ती 1969 मध्ये जोडली गेली. बँड आला तो थेट 2015 मध्ये. त्यामुळे आधीचे अंक वाचले नाहीत तरी बिघडत नाही. फार तर त्या आधीच्या वर्षातल्या 'बॅटगर्ल'मधली तिची हजेरी चाळावी, तीही ऐच्छिक.

डॅझलर कुठे अडखळते

डॅझलरचा जन्म व्यवहारातून झाला आणि ते दिसतं. डिस्को जोरात असताना कॅसाब्लांका रेकॉर्ड्स या कंपनीबरोबर मिळून एक गायिका उभी करायची, कॉमिक मार्व्हलने काढायचं, गाणी त्यांनी, असा बेत होता. मधे सिनेमाचीही चर्चा झाली. कंपनीने अंग काढून घेतलं, डिस्कोची लाट ओसरली, आणि मार्व्हलच्या हातात चकचकीत पांढरा पोशाख, रोलर स्केट्स आणि गळ्यात आरशांच्या गोळ्याचं पदक घातलेली मुलगी उरली. तिचं पहिलं दर्शन 'एक्स-मेन' अंक 130 मध्ये, 1980 साली झालं. स्वतःची मालिका सुरू होईपर्यंत डिस्कोचं नाव काढणंही अवघड झालं होतं, म्हणून ती हळूहळू रॉककडे सरकवली गेली.

मालिकेचा पहिला अंक मार्व्हलने फक्त कॉमिक्सच्या दुकानांतून विकला. वृत्तपत्रांच्या स्टॉलवर तो ठेवलाच नाही. कंपनीचा हा असा पहिलाच प्रयोग, आणि चार लाखांहून जास्त प्रती खपल्या. हा आकडा खरेदीदाराने पाठ करून ठेवावा. इतक्या प्रती, त्याही जपून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हातात गेलेल्या, म्हणजे हा अंक दुर्मिळ नाही. 'पहिला अंक' म्हणून कुणी चढा भाव सांगितला तर सोडून द्या. किंमत असलीच तर ती 'एक्स-मेन' 130 ला आहे.

आता खोड. विक्री टिकवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक अंकात कुणीतरी पाहुणा आणलाय. अंक 3 मध्ये डॉक्टर डूम, 6 मध्ये हल्क, 14 मध्ये शी-हल्क, 15 मध्ये स्पायडर-वुमन. एकेकटा अंक वाचला तर मजा येते, सलग वाचलं तर गायिकेच्या धंद्याची गोष्ट पाहुण्यांच्या गर्दीत चेंगरते. आणि हीच गोष्ट खरं तर या मालिकेतली चांगली बाजू आहे. वडील न्यायाधीश, मुलीने वकील व्हावं हा त्यांचा हट्ट, मुलगी गाण्याच्या नादी लागली म्हणून घरात अबोला. एखाद्या अंकात तिला फक्त पुढचा कार्यक्रम मिळवायचा असतो, तेव्हा पानं पटापट उलटतात. पहिल्या अंकात तर जगाला वेठीला धरणारी एन्चँट्रेस क्लबातल्या गायनाच्या जागेसाठी तिच्याबरोबर ऑडिशनला उभी राहते. हे ज्याला सुचलं त्याला शंभरपैकी शंभर.

चित्रांचीही तीच गत. पहिल्या अंकांत जॉन रोमिटा ज्युनियर आहे, हालचालीत ताकद आहे. नंतर बराच काळ फ्रँक स्प्रिंगर. तो स्वच्छ काढतो, चेहरे सुबक, पण कॉन्सर्टची पानं आणि स्वयंपाकघरातली पानं एकाच तालात जातात. सगळ्या चौकटी सरळ, कॅमेरा छातीच्या उंचीवर, प्रकाशाचा झोत म्हणजे रंगीत पट्टा. पुढे बिल सिएनकेविचची मुखपृष्ठं येतात, ती बघून आतली चित्रं तशीच असतील असं समजून अंक विकत घेऊ नका. फसगत होते. 38 ते 42 हे शेवटचे अंक आर्ची गुडविन आणि पॉल चॅडविक यांचे. तिथे ती मागावर असलेल्या बक्षीसशिकाऱ्यापासून पळते आहे, पाहुणे कमी झालेत, आणि मालिकेला सूर सापडतो तोवर ती बंद होते. अंक 40 मात्र त्या वेळच्या 'सीक्रेट वॉर्स 2' या मोठ्या कथानकात अडकलाय. तिथे धागा सुटल्यासारखं वाटेल, पुढे जावं.

ब्लॅक कॅनरीचं पान

लेखक ब्रेंडन फ्लेचर, मुख्य चित्रकार अ‍ॅनी वू, रंग ली लॉरिज. या त्रयीने आवाजाच्या प्रश्नाला पहिल्या पानापासून हात घातलाय. वूची शाई जाड, ब्रशची, कडा मुद्दाम खडबडीत, जणू हाताने छापलेलं कार्यक्रमाचं पोस्टर. लॉरिज एका प्रसंगाला दोन-तीन सपाट रंगच देतो. ड्रेसिंग रूम एका रंगात, स्टेज दुसऱ्या. त्यामुळे पान उलटलं की दिवे बदलल्याचा भास होतो. आवाजाचं चित्र काढण्यापेक्षा आवाजाभोवतीचं वातावरण काढणं, ही युक्ती इथे काम करते.

बँडची रचनाही हिशेबी आहे. डी. डी. (बँडमध्ये ब्लॅक कॅनरीचं नाव) गाते, लॉर्ड बायरन ड्रमवर, पलोमा टेरिफिक कीबोर्डवर, आणि गिटारवर डिटो नावाची लहान मुलगी, जी बोलतच नाही. न बोलणारी मुलगी सर्वात चांगलं वाजवते आणि सगळे हल्लेखोर तिच्याच मागे आहेत. पहिल्या सात अंकांचं कोडं एवढंच. दौरा, व्हॅन, पुढचं शहर, पुन्हा मारामारी. बँडला आपली गायिका कोण आहे हे नीट माहीत नाही, आणि दर रात्री सामान मोडतंय म्हणून ते वैतागलेत. बँडमधून बाहेर पडलेली आधीची गायिका बो मेव्ह हीच पुढे प्रतिस्पर्धी. सुपरहिरोच्या गोष्टीत खलनायिकेचा राग 'माझी जागा हिने घेतली' इतका घरगुती असणं फार क्वचित दिसतं.

मधेमधे कथन 'बर्नसाइड टोफू' या काल्पनिक संगीत-नियतकालिकाच्या सुरात येतं, तेही थोडं आगाऊ. ज्यांना संगीतसमीक्षेची ती खास ऐट ठाऊक आहे त्यांना हसू येईल, बाकीच्यांना दोन अंकांनंतर जरा जास्त होईल. याशिवाय या काल्पनिक बँडची खरी गाणी ध्वनिमुद्रित करून मालिकेबरोबरच प्रसिद्ध झाली. मुलगी डिस्कोसाठी घडवूनही मार्व्हलला 1980 मध्ये रेकॉर्ड काढता आली नाही. इथे लहान प्रमाणावर ते जमलं.

दोष कुठे? सातव्या अंकानंतर. पहिलं कोडं सुटतं आणि मालिका डी. डी.च्या आईच्या, कुटुंबाच्या भूतकाळाकडे, मार्शल आर्ट्सच्या गुपितांकडे वळते. बँड मागे पडतो. शिवाय काही अंकांत पाहुणे चित्रकार येतात आणि जे पोस्टरसारखं रूप या मालिकेचं निम्मं बळ आहे, तेच तिथे जातं. चित्रकार बदलला की मालिका बदलते असं प्रत्येकीबद्दल म्हणता येत नाही, हिच्याबद्दल येतं. बारावा अंक घाईत आवरल्याचं जाणवतं.

मग घ्यायचं काय

एका बैठकीत संपणारी, सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट हवी असेल तर ब्लॅक कॅनरीचा पहिला खंड, 'किकिंग अँड स्क्रीमिंग'. पहिले सात अंक त्यात आहेत. आवडला तरच दुसरा घ्या. सुटे अंक छापील 2.99 डॉलरचे होते, प्रत्येकात 20 पानांची गोष्ट. सुटे जमवण्यात फारसा फायदा नाही, खंड पुरतो.

मार्व्हलच्या जुन्या जगाची गोडी असेल, चुकीचा पण मोकळा प्रयोग बघायचा असेल, तर डॅझलर. पण 42 अंक ओळीने नकोत. 1 आणि 2 वाचा, मग 9 ते 11. तिथून 22 ते 24 आणि 28: यांत 'रोग' (Rogue) नावाचं पात्र आहे, तीही अजून खलनायिका असतानाची. पुढे दोघी एक्स-मेनमध्ये एकत्र येतात तेव्हाच्या कुरबुरीची मुळं इथे आहेत. मग 1984 ची मोठ्या आकाराची चित्रकादंबरी 'डॅझलर: द मूव्ही', जिथे ती आपण म्यूटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेली, असल्याचं जगाला सांगते आणि कारकीर्द गमावते. ती वगळून थेट 38 वर गेलात तर ती लपून का राहते आहे हे कळणार नाही. हीच सर्वात सामान्य चूक. शेवटी 38 ते 42.

फक्त चार अंकांची चव घ्यायची असेल तर जेसन लू आणि राफाएल लोरेरो यांची 2024 ची 'डॅझलर' लघुमालिका आहे, जगभरच्या दौऱ्याची. हलकी आहे, नवख्याला सोपी आहे. तिच्यावरून जुन्या मालिकेचा अंदाज बांधू नये.

डॅझलरची कुठली आवृत्ती घेता याला फार महत्त्व आहे. स्वस्त 'इसेन्शियल' खंड दोन आहेत, दोन्ही मिळून सगळी मालिका येते, पण छपाई कृष्णधवल. जिची शक्तीच रंगीत प्रकाश आहे तिला काळ्या-पांढऱ्यात वाचणं म्हणजे होळी फोटोत बघणं. झोत कुठे संपतो आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते हेच कळत नाही, आणि लढाईची पानं गचाळ वाटतात, ज्यात चित्रकाराचा दोष नसतो. 'मास्टरवर्क्स' खंड रंगीत आणि महाग आहेत. मधला मार्ग म्हणजे मार्व्हल अनलिमिटेड या डिजिटल वाचनसेवेचं एका महिन्याचं सभासदत्व, वरची यादी हातात ठेवून. पैसे भरण्याआधी आपल्याला हवे ते क्रमांक तिथे आहेत का, हे शोधून बघावं.

जुने सुटे अंक घेणारच असाल तर ते वृत्तपत्री कागदावर छापलेले आहेत, हे विसरू नका. हा कागद आम्लयुक्त, उजेडात आणि दमटपणात पिवळा पडून कडा तुटतात. विक्रेत्याकडून मुखपृष्ठाबरोबर मधल्या पानाचाही फोटो मागवा, पिना गंजल्यात का ते बघा. गंज पिनेभोवती कागद खातो आणि मधलं पान सुटतं. मुंबईत किंवा कोकणात ठेवायचे तर पॉलीप्रॉपिलीनची पिशवी, आत आम्लमुक्त पुठ्ठा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात महिन्याला एकदा डबा उघडून कसर लागली नाही ना ते पाहणं. डांबराच्या गोळ्या टाकू नयेत, तो वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.