चूल, गोबरगॅस की सौर: घरच्या स्वयंपाकाला काय निवडावं?

सरपण, शेण आणि ऊन यांपैकी काहीच दगडी कोळशासारखं संपून जात नाही. पण रोज दोन वेळा भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या छातीवर तिन्हींचा परिणाम सारखा होत नाही. म्हणून गावाकडच्या घरासाठी निवड करताना मी पैशांच्या आधी धुराचा हिशेब मांडते.

चुलीचा निकाल लवकर लागतो. पऱ्हाट्या, तुराट्या फुकट मिळतात, पण धुरातले बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड घरातच कोंडतात. त्यातून सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार), मोतीबिंदू आणि लहानग्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या अशा प्रदूषणाने जगभरात ३२ लाख बळी घेतले. सुधारित चुलीने जळण वाचतं, धूर कमी होतो. पण थांबत नाही.

गोबरगॅसची ज्योत निळी आणि बिनधुराची असते. भाकरी तिच्यावर थेट फुगते. शिवाय शेण वाया जात नाही, उरलेली स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ रबडा, शेतात उत्तम खत होते. मात्र जाहिरातीत न सांगितलेलं गणित आधी करा. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण दोन घनमीटरचं संयंत्र लागतं. त्याला रोज ५० किलोच्या आसपास शेण आणि जवळपास तेवढंच पाणी हवं. म्हणजे गोठ्यात बांधलेली चार-पाच जनावरं हवीत. दिवसभर रानात चरणाऱ्यांचं निम्मं शेण रानातच राहतं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात हे पाणी कुठून आणणार? थंडीत गॅसही कमी होतो. टाकीला गळती असेल तर या गॅसमधला मिथेन हवेत जातो, आणि हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जहाल आहे.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: शेणाच्या खड्ड्यात कोणीही, कशासाठीही उतरायचं नाही. एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या वाकडीत शेण साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचवायला एकामागोमाग उतरलेले पाच जण आत साचलेल्या वायूने गुदमरून गेले. झाकण मजबूत ठेवा, भोवती कठडा बांधा.

जनावरं नसतील तर छतावरचे सौर पॅनेल आणि इंडक्शन शेगडी घ्या. एक किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. यात घरात धूर अजिबात नाही. पण बॅटरी नसलेली, ग्रिडला (वीजपुरवठ्याच्या जाळ्याला) जोडलेली यंत्रणा वीज गेली की भर उन्हातही बंद पडते, त्यामुळे भारनियमनाच्या गावात ही अडचण मोठी. संध्याकाळची वीज ग्रिडमधूनच येते आणि आपल्याकडे ती अजून बरीचशी कोळशाची असते. तो धूर मग कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकरांच्या वाट्याला जातो. भाकरी तव्यावरच शेकावी लागते, तवाही सपाट बुडाचा हवा. जुने पॅनेल भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्यांचाही समावेश आहे.

दोन्हींतलं काहीही घेतलंत तरी अंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटत राहते. सौर बंब परवडत असेल तर तोही सोबत घ्या. परवडत नसेल तर ती चूल अंगणात, दारं-खिडक्यांपासून लांब मांडा.