‘४० एमएम ना? पाठवतो सर’ : स्कोपच्या झाकणांपायी गेलेले ६,३२९ रुपये

आकडा आधीच सांगतो, म्हणजे हसायचं ते हसून घ्या. २,८५० अॅडव्हान्स, १,४८० ‘कस्टम ड्यूटी’ आणि १,९९९ ‘एक्स्चेंजचं रिफंडेबल डिपॉझिट’. एकूण ६,३२९ रुपये. कशासाठी? तर एअर रायफलच्या स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, लावायच्या दोन फ्लिप कव्हरसाठी. बोटानं खटका दाबला की फटकन उघडणारी ती झाकणं.

विकणाऱ्याचं सोशल मीडियावरचं पेज कसं होतं, फॉलोअर किती होते, ‘शेवटच्या तीन जोड्या’ वगैरे सांगत बसत नाही. असली पेजं तुम्हीही रोज बघता. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सगळा संवाद एवढाच होता:

‘सर, स्कोप कितीचा?’
‘४-१२ बाय ४०, एओ.’
‘४० एमएम ना? ओके, पाठवतो सर.’

इथंच फोन खाली ठेवायला हवा होता. ४-१२ म्हणजे चार ते बारा पट मोठं दाखवणारं झूम, आणि ४० हा पुढच्या भिंगाचा व्यास. झाकण भिंगावर बसत नाही, ते भिंगाभोवतीच्या नळीवर बाहेरून चढतं. त्यामुळं नळीचा बाहेरचा व्यास किती, हा पहिला प्रश्न आणि तोच शेवटचा. साध्या ४० च्या स्कोपला तो ४७-४८ मिलिमीटर भरतो. एओ असेल, म्हणजे पुढं अंतराची फिरती रिंग असेल, तर पन्नासच्या वर जातो. माझा ५१.२ आहे. आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या बाजूचा, ४१.८. दोन टोकांची मापं वेगळी, म्हणून झाकणंही वेगवेगळ्या नंबरची लागतात. खरा विकणारा आधी ही दोन मापं मागतो आणि तीही दशांशात, कारण एक मिलिमीटर जास्त झालं तर झाकण गळून पडतं आणि एक कमी झालं तर चढतच नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं! तरी त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कोल्हापुरात राहतो आपण, उद्यमनगरच्या कारखान्यांत दर चौथ्या शेडमध्ये व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून व्यास मोजायचं साधन, लटकलेला असतो. व्हर्नियर नको असेल तर कागदाची पट्टी नळीच्या तोंडाशी घट्ट गुंडाळा, जिथं टोक टेकतं तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि लांबीला ३.१४ नं भागा. माझी पट्टी १६१ मिलिमीटर भरली, म्हणजे व्यास ५१.२ च्या आसपास. दोन मिनिटांचं काम, आणि व्हर्नियरच्या जबड्यानं रंगावर ओरखडाही उठत नाही. तोंडाकडचा किमान दहा-बारा मिलिमीटर भाग सरळ आहे का तेही बघा. नळी लगेच निमुळती होत असेल तर झाकणाला पकड मिळत नाही.

दुसरी खूण फोटोतच होती. दोन्ही झाकणं शेजारी शेजारी ठेवलेली आणि दोन्ही सारख्याच आकाराची! पुढचं आणि मागचं झाकण एकाच साच्यातलं, हे ४-१२ बाय ४० ला शक्यच नाही. तो फोटो मी किमान पाच वेळा मोठा करून बघितला, पण बघत होतो काय, तर प्लास्टिकची चकाकी.

तिसरी खूण यूपीआयच्या पडद्यावर. पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव येतं. पेजचं नाव परदेशी कंपनीसारखं आणि खातं कुणा मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं. तिथं मी स्वतःचीच समजूत घातली की लहान धंद्यात असं चालतं.

कस्टमचे १,४८० का दिले, हे मला चार जणांनी विचारलं. अहो, परदेशी मालाला ड्यूटी लागतेच, त्यात खोटं काय? पावसाळा तोंडावर होता आणि इथं दुकानात मिळतं ते रबरी दोरीनं जोडलेलं जोडझाकण. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ड्यूटी पोस्टात किंवा कुरिअरला पावती घेऊन भरतात. कुणा ‘सर’च्या खासगी यूपीआयवर नाही.

पार्सल आठव्या दिवशी आलं. आत फोटोतल्यासारखीच जुळी झाकणं. व्हर्नियर आता लावला. दोन्हींचा आतला व्यास ४६. पुढं ५१.२ वर चढेना, मागं ४१.८ वर डुगडुगतंय. म्हणजे एका साच्यात दोन झाकणं आणि बसतं एकही नाही. मागच्या झाकणात प्रत्येक बाजूला २.१ मिलिमीटर फट. वायरिंगच्या चिकटपट्टीचे चौदा वेढे दिले तेव्हा कुठं ते टिकलं, आणि पहिल्याच छर्ऱ्याला पुन्हा सुटलं. स्प्रिंगची एअरगन दोन दिशांना झटके देते, आधी मागं आणि मग पुढं. चिकटपट्टीचं तिथं काही चालत नाही.

तरी त्याचं बिजागर बघण्यासारखं आहे, कारण नकली माल तिथंच उघडा पडतो. झाकण ९० अंशांवर उभं राहतं, मागं झोपतच नाही. उभं झाकण वाऱ्यात शिडासारखं काम करतं आणि झाडीत अडकतं. चांगलं झाकण नळीला जवळजवळ टेकेपर्यंत मागं पडतं. बिजागरातली तार साधी लोखंडी निघाली. गगनबावड्याकडचा एक पावसाळा पुरेल तिला गंजायला. बटण इतकं उंच की रायफल पिशवीतून काढतानाच झाकण उघडतं.

माप बरोबर असलं तरी आणखी एक भानगड असते, ती कुणी सांगत नाही. एओच्या स्कोपला पुढचं झाकण फिरत्या रिंगवर बसतं. १० मीटरवरून ५० वर रिंग फिरवली की बिजागरही फिरतं, आणि वर उघडणारं झाकण आडवं किंवा खाली उघडतं. माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणारी कडी, बुटके असतील तर ते रायफलीच्या बॅरलवर आपटून अर्धंच उघडतं. म्हणून ज्या अंतरावर नेहमी मारता तिथं रिंग लावून मगच झाकण चढवायचं. मागचंही तसंच. ज्या स्कोपचा आयपीस झूमबरोबर अख्खा फिरतो, त्यावरचं झाकणही फिरतं. चढवण्याआधी नळी स्पिरिटनं पुसा, झाकण कोमट पाण्यात बुडवा आणि पिळत पिळत बसवा, ठोकू नका. आणि ओल्या भिंगावर घट्ट झाकण कधीच लावू नका. आत दमट हवा कोंडते आणि आपल्याकडच्या पावसात भिंगाला बुरशी धरते.

आता १,९९९. ‘सर, साइज चुकलं, एक्स्चेंज करतो, डिपॉझिट परत मिळेल.’ दिले. यावर सफाई नाही. आधीचे ४,३३० बुडाले हे घरी सांगायचं नव्हतं, एवढंच. संध्याकाळी नंबर बंद.

मग फिरती सुरू झाली. बँकेत पहिला प्रश्न, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये ग्राहकाच्या शून्य जबाबदारीचा, म्हणजे भुर्दंड ग्राहकावर न टाकण्याचा, नियम आणला, पण तो तुमच्या परवानगीविना झालेल्या व्यवहाराला. पिन टाकला म्हणजे परवानगी दिली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार नोंदली, नंबर मिळाला. पण तिथं पहिल्या तासाला किंमत असते आणि मी गेलो दहाव्या दिवशी.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, ‘माल आलाय ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जावा.’ आलं का ध्यानात? भंगार झाकणं पाठवायचा ४०-५० रुपयांचा खर्च तो याचसाठी करतो. पार्सल रिकामं असतं तर गुन्हा, चुकीचं निघालं तर ‘व्यवहारातला वाद’. त्यावर कडी म्हणजे साहेबांचा सगळा रस रायफलीत. ‘लायसन कुठाय? शिकार करता काय?’ शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे हे मला सांगितलं, जणू चोरी मीच केली होती. .१७७ बोअरची (हे नळीच्या छिद्राचं माप, इंचात), २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यात येत नाही, हे समजावण्यात पाऊण तास गेला. फसवणुकीवर बोलणं झालं दोन मिनिटं. (एअर रायफलची पावती नि ओळखपत्राची प्रत बरोबर न्या. माझं तेवढंच कामाला आलं.) १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी माझ्याकडंच विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर फोन कशाला केला असता? सायबरवाल्यांना चॅटची छापील पानं हवी होती, बँकेच्या उताऱ्यावर शिक्का हवा होता, आणि शिक्क्यासाठी बँकेला वेगळा अर्ज. तेवीस पानं, तीन रुपयांप्रमाणे ६९ रुपये. ते ६,३२९ मध्ये धरलेले नाहीत.

सध्या मागच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून लावलाय. पुढच्यासाठी उद्यमनगरात ५१ चं नायलॉनचं टोपण लेथवर करून घेतलं, ते ओढून काढावं लागतं, फटकन उघडत नाही.

आज सकाळी तोच फोटो पुन्हा दिसला. नाव वेगळं, भाव २,६५०. खाली एकानं विचारलंय, ‘५० एमएमला बसंल का भावा?’ आणि उत्तर आलंय, ‘होय सर.’