अर्जेंटिनाची १९८६ ची निळी जर्सी, कोल्हापूरच्या बाजारात

विश्वचषक जवळ आला की कोल्हापूरच्या पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या खेळाडूंचे फलक उभे राहतात, आणि त्या महिन्यात खपणारी जर्सी फारसे कोणी पारखून घेत नाही. जुन्या जर्सींचा संग्रह करणाऱ्याला तसे चालत नाही. मंगळवार पेठेतील एका लहान दुकानातून आठशे रुपयांना घेतलेली ही दहा क्रमांकाची प्रतिकृती म्हणूनच मूळ जर्सीशी ताडून पाहिली.

२२ जून १९८६ रोजी इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. मेक्सिकोच्या उन्हात जाड कापड नको, असा प्रशिक्षक कार्लोस बिलार्दो यांचा आग्रह असल्याने मेक्सिको सिटीतील दुकानातून ऐनवेळी हलक्या निळ्या जर्सी आणल्या गेल्या. त्यांवर संघटनेचे चिन्ह घाईघाईत शिवले गेले, त्यात भोवतालची पाने राहून गेली, आणि अमेरिकन फुटबॉलसाठी असतात तसे चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले गेले. मॅराडोनाने दोन्ही गोल याच जर्सीत केले आणि २०२२ मध्ये तिला लिलावात ७१ लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

प्रतिकृतीत निळा रंग चांगला उतरला आहे आणि कापडातले उभे पट्टे उजेडात हलके चमकतात. आकडेही राखाडी नसून खरोखर चंदेरी आहेत, हे विशेष. चिन्हाभोवती मात्र पाने आहेत, आणि त्यावर चक्क तीन तारे! तिसरा तारा २०२२ च्या विजेतेपदाचा; १९८६ च्या संघाच्या जर्सीवर एकही तारा नव्हता. आठशे रुपयांत भरतकाम सुबक मिळते, पण इतिहास असा विस्कटलेला.

कापड जाड पॉलिएस्टरचे आहे, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्याला बिलार्दोंची तक्रार नेमकी काय होती ते कळेल. पहिल्याच धुण्यात शून्याची एक कड उचलली गेली. उलटी करून थंड पाण्यात, हाताने धुतल्यावर पुढे तसे झाले नाही. मापे आखूड असल्याने छाती मोजून एक माप मोठे घ्यावे. तारे नसलेली जर्सीही मागवून देतो, असे दुकानदार म्हणतात. संग्रहात ठेवणाऱ्यांनी तिचीच मागणी करावी.