आरएचसीएसए : करून दाखवावी लागणारी परीक्षा

लिनक्स ही संगणक कार्यप्रणाली पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए, म्हणजेच ‘रेड हॅट सर्टिफाइड सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या प्रमाणपत्राशी माझा संबंध दोनदा आला : आधी परीक्षार्थी म्हणून, आणि पुढे लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या गटासाठी माणसे निवडताना. दोन्ही वेळी मला त्याचे मोल जाणवले ते एकाच कारणामुळे. या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, काम करून दाखवायचे असते.

ईएक्स२०० या सांकेतिक क्रमांकाच्या या परीक्षेत समोर चालू यंत्रणा असते आणि कामांची यादी असते. डिस्कचे विभाग पाडून लॉजिकल व्हॉल्यूम (गरजेनुसार आकार बदलता येणारा साठवणुकीचा भाग) वाढवणे, वापरकर्ते व त्यांचे अधिकार ठरवणे, एसईलिनक्स ही लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था चालू ठेवूनच एखादी सेवा सुरू करणे, अशी ती कामे असतात. इंटरनेट मिळत नाही. यंत्रणेतली मॅन पाने, म्हणजे आज्ञांची माहिती देणारी मदत-पाने, मात्र उघडता येतात, आणि ती नेमकी व झटपट वाचता येणे हेही एक कौशल्यच आहे. ३०० पैकी २१० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती रीबूटची अट. केलेले बदल यंत्रणा पुन्हा सुरू झाल्यावरही टिकले पाहिजेत. सुरू होताना कोणते डिस्क-विभाग जोडायचे हे सांगणाऱ्या ‘एफस्टॅब’ फाइलमध्ये एखादी ओळ चुकली, तर यंत्रणा नीट सुरूच होत नाही आणि तिच्यावर केलेले बाकीचे काम, कितीही अचूक असले तरी, वाया जाते. प्रत्यक्ष नोकरीतही असेच घडते, म्हणून ही अट मला कठोर नव्हे तर प्रामाणिक वाटते.

मुलाखतीत याचा फरक स्पष्ट दिसतो. केवळ बहुपर्यायी परीक्षांची प्रमाणपत्रे घेऊन आलेल्या काही उमेदवारांना आज्ञांची नावे तोंडपाठ असतात, पण भरलेली डिस्क मोकळी करायला सांगितली की त्यांचे हात थबकतात. ‘डम्प’, म्हणजे बाहेर फुटलेल्या प्रश्नोत्तरांचे संच, घोकून अशा परीक्षा उत्तीर्ण होता येतात, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. अर्थात प्रत्येक बहुपर्यायी परीक्षा पोकळ असते असे नाही. संगणक सुरक्षा क्षेत्रातील सीआयएसएसपी या प्रमाणपत्राच्या परीक्षेचा भर प्रश्नोत्तरांवर असला, तरी पूर्ण प्रमाणपत्रासाठी साधारणपणे ५ वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट आहे, आणि त्यामुळे त्याचे वजन टिकून आहे.

आरएचसीएसएच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. ते एकाच कंपनीच्या लिनक्सभोवती बांधलेले आहे. शिकलेले बरेचसे इतरत्र उपयोगी पडते, सगळे नाही. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला असताना सहकाऱ्यांशी कसे बोलावे, झालेला बिघाड कसा नोंदवावा, हे त्यातून कळत नाही. ज्याने कधीच सर्व्हर हाताळलेला नाही, त्याने आधी घरच्या संगणकावर आभासी यंत्रणा उभारून काही महिने त्या मोडाव्यात आणि दुरुस्त कराव्यात. मगच परीक्षेचे शुल्क भरावे.

नोकरी देणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते, म्हणून अर्ज आल्यावर त्याची पडताळणी करताना तारीखही जरूर पाहावी. मात्र मुदत संपलेला उमेदवार रोज सर्व्हर सांभाळत असेल, तर मी त्याचा अर्ज बाजूला ठेवत नाही. त्याला टर्मिनलसमोर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यासमोर, बसवतो आणि एक बिघडलेली यंत्रणा दुरुस्त करायला देतो.