नाकाचा स्वॅब की ब्रॉन्कोस्कोपी? प्रत्यारोपणानंतरच्या न्यूमोनियाचे निदान

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला ताप-खोकला सुरू झाला आणि सीटी स्कॅनवर धुरकट डाग दिसले, तर ते विषाणूचे, बुरशीचे की बदललेले फुप्फुस शरीर नाकारत असल्याचे, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. रक्तातील अँटिबॉडी तपासूनही फारसे हाती लागत नाही, कारण त्या तयार करणारी यंत्रणाच औषधांनी दाबलेली असते. म्हणून निवड मुख्यतः दोन नमुन्यांत उरते.

नाका-घशाचा स्वॅब खाटेवरच घेता येतो, आणि त्यावरील मल्टिप्लेक्स पीसीआर ही जनुकीय चाचणी इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस, अडेनोव्हायरस व करोना या विषाणूंचा एकत्रित शोध काही तासांत घेतो. (रॅपिड अँटिजेन किट स्वस्त असले, तरी या रुग्णांत त्याच्या निगेटिव्ह निकालावर विसंबू नये.) मात्र विषाणू खाली फुप्फुसात उतरलेला असताना नाक कोरे निघू शकते.

ब्रॉन्कोस्कोपीत बारीक दुर्बीण श्वासनलिकेच्या एका फांदीत घट्ट बसवून सलाईन थोडे थोडे सोडतात आणि परत ओढून घेतात; यालाच लॅव्हाज म्हणतात. सोडले तेवढे कधीच परत येत नाही. पण त्या गढूळ पाण्यातूनच विषाणूंसोबत अ‍ॅस्परजिलस या बुरशीसाठी गॅलॅक्टोमॅनन (तिच्या पेशीभित्तीतील घटक), न्यूमोसिस्टिस ही आणखी एक बुरशी आणि क्षयाचीही तपासणी होते. बोनमॅरो प्रत्यारोपणाच्या रुग्णात प्लेटलेट कमी असले, तरी नुसते लॅव्हाज बहुधा करता येते. बायोप्सीत, म्हणजे फुप्फुसाचा बारीक तुकडा काढण्यात, मात्र रक्तस्रावाचा धोका खरा असतो. फुप्फुस प्रत्यारोपणात रिजेक्शन (शरीराने नवे फुप्फुस नाकारणे) ओळखायला ती अनेकदा टाळता येत नाही.

सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, इथे सर्वांत फसवा. लॅव्हाजमध्ये त्याचा पीसीआर निगेटिव्ह असेल, तर सीएमव्ही न्यूमोनिया बहुतेक नाहीच. पण पॉझिटिव्ह असेल, तर तो आजार आहे की सुप्त विषाणू नुसता पाझरतो आहे, हे विषाणूचे प्रमाण आणि रुग्णाची अवस्था एकत्र पाहून ठरवावे लागते. ऊतीत घुबडाच्या डोळ्यासारख्या पेशी दिसल्या, तर वाद मिटतो: तो आजारच.

माझे मत असे: लक्षणे फक्त नाका-घशाची आणि छाती स्वच्छ असेल, तर स्वॅब पुरे. सीटीवर डाग असतील, तर स्वॅब पाठवून त्याच वेळी ब्रॉन्कोस्कोपीची तयारी करावी, मग स्वॅबमध्ये साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस का सापडेना. तो या रुग्णांत आठवडेच्या आठवडे नाकात रेंगाळतो. नळीने थोडा ऑक्सिजन देऊन भागत असताना केलेली ब्रॉन्कोस्कोपी रुग्णाला सहसा झेपते. तीच दोन दिवस लांबवली, तर व्हेंटिलेटरची वेळ येऊ शकते.