सीडी अडकली होती आणि मला कळलंच नाही

तर प्रॉडक्ट असं आहे, गॅव्हिन ब्रायर्स या ब्रिटिश संगीतकाराची १९९३ ची सीडी, नाव 'जीझस ब्लड नेव्हर फेल्ड मी येट', पॉइंट म्युझिक लेबल, एकूण ७४ मिनिटं. सेकंड हँड मागवली, ऑनलाइन, तीन आठवड्यांनी पुण्यात पोचली, केसला एक तडा होता पण तेवढं चालतं.

आधी फजिती सांगून टाकतो. बाबांच्या जुन्या प्लेअरवर लावली, दिवे बंद केले, आडवा झालो. एक म्हातारा माणूस एकटाच गातोय, तीच ओळ, परत तीच, परत तीच, मग हळूच खालून व्हायोलिनं येतात. पंधरा-सोळा मिनिटं भारी चाललं होतं. मग म्हातारा एका शब्दावर अर्ध्यातच तुटायला लागला, तुटायचा आणि परत मागून यायचा, तुटायचा आणि परत. मला वाटलं वा, काय डेरिंग आहे बुवा, आता गाणं पण मोडून दाखवतोय! एक्सपेरिमेंटल म्हणून घेतलीये तर असंच असणार ना. डोळे मिटून मान डोलावत पडलो होतो. पाणी प्यायला उठलो तेव्हा प्लेअरच्या आकड्याकडे लक्ष गेलं तर तो सोळा मिनिटांच्या आसपास पुढं-मागं नाचत होता. स्क्रॅच! किती वेळ मी त्या ओरखड्याला दाद देत होतो देव जाणे.

आता ही फजिती याच सीडीवर का होऊ शकते ते कळायला ती बनली कशी हे माहीत पाहिजे. १९७१ साली ब्रायर्सचा अ‍ॅलन पॉवर नावाचा मित्र लंडनमध्ये वॉटरलू स्टेशन, एलिफंट अँड कासल या भागातल्या रस्त्यावर राहणाऱ्या लोकांवर फिल्म करत होता. शूटिंगच्या वेळी त्यातले काही जण दारूच्या नशेत गायला लागायचे, कुणी ऑपेराचा तुकडा, कुणी जुनं रडकं गाणं. आणि एक म्हातारा, जो पीत नव्हता, तो येशूचं भजन म्हणाला. अर्थ साधा आहे, येशूच्या रक्तानं मला अजून कधी दगा दिला नाही, बस. फिल्ममध्ये तो तुकडा घेतला नाही, न वापरलेल्या टेपा ब्रायर्सकडे आल्या. त्यानं घरी पियानोवर लावून बघितलं तर म्हातारा सुरात निघाला, आणि ओळीचे बरोबर तेरा बार, म्हणजे तालाची तेरा आवर्तनं, टोकाला टोक जोडलं की गोल फिरत राहतं. एक फेरा साधारण २६ सेकंदांचा. मी हिशोब केला, ७४ मिनिटांत १७० च्या आसपास फेरे होतात. १७० वेळा एकच ओळ, म्हटल्यावर स्क्रॅच ओळखणार कोण!

पुढचा किस्सा तर मला पर्सनली लागला. ब्रायर्स तेव्हा लेस्टरच्या पॉलिटेक्निकमध्ये फाइन आर्टच्या डिपार्टमेंटला शिकवायचा. टेप तिथं नेली, लूप मोठ्या रिळावर कॉपी करायला लावला आणि दार उघडं टाकून कॉफी प्यायला गेला. शेजारीच पेंटिंगचा मोठा स्टुडिओ. परत येऊन बघतो तर एरवी गजबजलेली खोली गप्प, लोक हळू चालतायत, काही जण कोपऱ्यात बसून गुपचूप रडतायत. अजून ऑर्केस्ट्रा नाही, काही नाही, नुसता म्हातारा आणि टेप. तिथंच त्याला कळलं की याला फार काही करायचं नाही, साधी साथ द्यायची.

तर ते पॉलिटेक्निक म्हणजे आजची डी मॉन्टफर्ट युनिव्हर्सिटी. आणि मी तिथंच मास्टर्स केलंय! वर्षभर सोअर नदीच्या बाजूनं लेक्चरला गेलो, बेलग्रेव्ह रोडवर पाणीपुरी खाल्ली, थंडीत दोन दोन मोजे घालून बोंबललो, आणि हा माणूस इथं होता, हे गाणं इथं शिजलं, हे मला कुणी बोललं नाही. मी पण कधी विचारलं नाही म्हणा, मी सप्लाय चेन शिकत होतो.

ठीक आहे, सीडीकडे. पुढचं सगळं मी स्क्रॅचचा भाग पुढं ढकलून आणि तेवढा तुकडा स्ट्रीमिंगवर ऐकून लिहितोय. सहा भाग आहेत पण मध्ये गॅप नाही, एकच लांब चाल आहे. सुरुवातीला आवाज अगदी लांबून येतो, शेजारच्या गल्लीत कुणीतरी गातंय असं वाटतं. म्हाताऱ्याचा आवाज कापतो, एका ठिकाणी ताल किंचित पुढं धावतो, आणि तो प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी धावतो. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात आपण त्या जागेची वाट बघायला लागतो. मग स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच, मग तो बाजूला होतो आणि खालच्या पट्टीतले जाडे स्वर येतात, मग स्ट्रिंग्ज नाहीतच, फुंकायची वाद्यं, मग सगळा ऑर्केस्ट्रा.

आपल्याकडे भजनात गाणारा एकच ओळ पंचवीस तऱ्हेनं घोळवतो आणि पेटी बिचारी मागून चालते. इथं बरोब्बर उलटं. गाणारा तसूभर हलत नाही, हलूच शकत नाही, टेप आहे ती. बदलते ती साथ. आणि गंमत म्हणजे कान फसतात, क्वार्टेटबरोबर तो म्हातारा एकटा वाटतो, फुल ऑर्केस्ट्राबरोबर देवळात उभा राहिल्यासारखा वाटतो, आणि आवाज तोच, तेच २६ सेकंद. मला तर मध्ये वाटलं की आता तो जरा खुशीत गातोय. कुठला खुशीत!

आई स्वयंपाकघरात होती, अर्धा तास काही बोलली नाही, मग बाहेर येऊन विचारलं, कोण रे हा बाबा? मी सगळी स्टोरी सांगितली. तिनं एकच विचारलं, "त्याला काही दिलं का त्यांनी?"

आता काय सांगणार. ब्रायर्सनंच सांगून ठेवलंय की तो म्हातारा हे पुरं झालेलं ऐकायच्या आधीच गेला. त्याचं नाव सुद्धा सीडीवर नाही, तिथं तो फक्त 'ट्रॅम्प' आहे. संगीतकार चांगल्या मनाचा आहे, म्हाताऱ्याची टिंगल कुठंही नाही, उलट फार मान राखून केलंय, हे ऐकताना कळतं. तरी पण आईचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. २०१९ ला लंडनच्या टेट मॉडर्न या आर्ट म्युझियममध्ये हे गाणं रात्रभर, बारा तास, वाजवलं आणि त्यात बेघरपण भोगलेले लोक सामील झाले होते. हे वाचून जरा बरं वाटलं.

सीडीत मला न पटलेली गोष्ट म्हणजे टॉम वेट्स. शेवटच्या दोन भागांत हा अमेरिकन गायक येतो आणि म्हाताऱ्याबरोबर गातो. घशात खडी भरल्यासारखा आवाज, माणूस ग्रेट आहे, वाद नाही, आणि याच गाण्याची जुनी, १९७५ ची रेकॉर्ड त्याची फेव्हरिट होती म्हणून त्याला घेतलं हे पण ठीक. पण तो गाताना कळतं की हा गातोय. म्हातारा गात असतो तेव्हा कुणी ऐकतंय असं त्याच्या गावी पण नसतं. मार्केटिंगला त्याचा उपयोग झाला असणार, कारण १९९३ च्या मर्क्युरी प्राइझच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या बक्षिसाच्या यादीत ही सीडी होती, स्टिंगबरोबर, पीजे हार्वेबरोबर आणि, ऐका, आपल्या अपाची इंडियनबरोबर! बक्षीस स्वेड या बँडला गेलं. पण एकाच यादीत अपाचीचा 'नो रिझर्वेशन्स' आणि हे, ज्यांनी नव्वदीत केबल टीव्हीवर अपाची इंडियन बघितलाय त्यांनी जरा इमॅजिन करा.

ब्रायर्स कोण हे माहीत नसेल तर थोडक्यात. १९४३ चा जन्म, यॉर्कशायरमधलं गूल नावाचं बंदराचं गाव. शेफील्डला फिलॉसॉफी शिकला आणि डबल बास वाजवायचा. तिथं गिटारवाला डेरेक बेली आणि ड्रमवाला टोनी ऑक्सली यांच्याबरोबर त्रिकूट होतं, जॅझपासून सुरू करून पार मोकळ्या इम्प्रोव्हायझेशनला, म्हणजे ऐन वेळी सुचेल ते वाजवण्याला पोचले. १९६६ ला त्याला या सगळ्याचा कंटाळा आला आणि बास सोडून दिला, मग अमेरिकेत जाऊन जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराबरोबर काम केलं. १९७० ला पोर्ट्समथच्या आर्ट स्कूलमध्ये पोर्ट्समथ सिंफोनिया काढली. ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. नियम असा की एकतर तुम्हाला वाजवता येत नसलं पाहिजे, नाहीतर येत असेल तर भलतंच वाद्य घ्यायचं, आणि तरी मनापासून चांगलं वाजवायचा प्रयत्न करायचा, मुद्दाम वाईट वाजवायचं नाही. असल्या ऑर्केस्ट्रानी १९७४ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कॉन्सर्ट केली. ब्रायन ईनो हा ब्रिटिश संगीतकार त्यात क्लॅरिनेट वाजवायचा. आमच्या सोसायटीच्या गणपतीतलं ढोल पथक ऐकलं की मला हेच आठवतं, फक्त तिथं कुणाला आपल्याला येत नाही हे माहीत नसतं.

पुढं ऑपेरा लिहिले, 'मेडिया' १९८४ ला फ्रान्समधल्या लियोंला दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनबरोबर, अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमच्या डान्सला संगीत दिलं, २०१८ ला 'द फिफ्थ सेंच्युरी'च्या रेकॉर्डिंगसाठी द क्रॉसिंग या क्वायरला ग्रॅमी मिळालं. मी हे सगळं ऐकलेलं नाही, जे ऐकलं त्यात 'कॅडमन रेक्विम' आवडलं. बिल कॅडमन हा त्याचा साउंड इंजिनिअर मित्र, १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर बॉम्बनं फुटलेल्या विमानात गेला. हे संगीत चार-पाच आवाज आणि खालच्या पट्टीतली वाद्यं एवढंच आहे. आरडाओरडा नाही. जवळचं माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी घर कसं असतं, तसं वाजतं.

आणि टायटॅनिकवालं. 'द सिंकिंग ऑफ द टायटॅनिक' हे १९६९ ला सुरू केलं, सुरुवातीला नुसतं टाइप केलेलं एक पान होतं, वाजवायचं काही नव्हतंच. बोटीचा वायरलेस ऑपरेटर हॅरल्ड ब्राइड वाचला होता, त्यानं सांगितलं की बोट बुडत असताना बँड 'ऑटम' नावाची धून वाजवत होता. ब्रायर्सनं विचार केला, वाजवणारे थांबलेच नसतील तर? पाण्यात गेल्यावर सूर कसा येईल? रेडिओवाला मार्कोनी म्हणायचा की आवाज मरत नाही, फक्त बारीक होत जातो, तर तो अजून खाली चालूच असेल. मग १९८५ ला बोट खरोखर सापडली आणि त्यानं संगीतात परत भर घातली. १९९० चं रेकॉर्डिंग फ्रान्समधल्या बूर्ज गावातल्या जुन्या पाण्याच्या टाकीत केलंय, तो घुमारा हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर अजिबात नको, नुसतं कुकर लांब ठेवल्यासारखं ऐकू येतं.

घ्यायचं काय? १९७५ ला ईनोनं ऑब्स्क्योर हे लेबल काढलं, त्याची पहिली रेकॉर्ड ब्रायर्सचीच, एका बाजूला टायटॅनिक, दुसऱ्या बाजूला हे भजन, दोन्ही २५ मिनिटांच्या आसपास. पहिल्यांदा ऐकत असाल तर तीच घ्या, नाहीतर स्ट्रीमिंगवर ऐका. टॉम वेट्सची खडी नाही, आणि म्हाताऱ्याला जागा जास्त मिळते. १९९३ वाली लांब हवी असेल तर घ्या, पण रविवारी दुपारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि पाचव्या भागाला बंद करायला मोकळे.

साउंड क्वालिटी चांगली, बुकलेट आहे, पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार टॉम वेट्सचा कापला, बाकी सेलरचा.

सेलरचं राहिलं. मेसेज केला की सीडी सोळा मिनिटांवर अडकते, तेच तेच वाजतं. उत्तर आलं, "सर, हे गाणं असंच आहे." मी म्हटलं मला माहितीये हो ते असंच आहे, पण त्याच्या वर पण अडकतंय! परत तेच उत्तर, खाली हसरा चेहरा. शेवटी प्लेअरच्या आकड्याचा व्हिडिओ काढून पाठवला, दीड मिनिटाचा. दोन दिवस काही नाही, मग निम्मे पैसे परत आले, सोबत एक ओळ, व्हिडिओ पूर्ण बघितला, आवाज छान आहे, कोण आहेत हे काका?