जामठा स्टेडियम: फुटबॉलसाठी ३/५

४५ हजार आसनं, २००८ पासूनची क्रिकेटची सवय. आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) संघ नागपुरात यावा म्हणणाऱ्यांनी आधी टेप घेऊन इथं यावं. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान आरामात बसतं, पण मधोमध क्रिकेटच्या खेळपट्ट्यांचा पट्टा येतो. तिथली माती टणक, चेंडू वेगळा उसळतो, घोटे दुखावतात. वरून हिरवळ अंथरली तर तिच्या तुकड्यांचे सांधे उखडतात. शिवाय गोल वर्तुळामुळे प्रेक्षक साइडलाइनपासून फार लांब. मेट्रो स्टेडियमच्या अलीकडे खापरीलाच थांबते; रात्री सामना सुटल्यावर पुढं काय, बाप्पा? मार्चची उष्मा वेगळीच. आणि घरचं मैदान मिळालं तरी संघ टिकतोच असं नाही: एफसी पुणे सिटीची आयएसएलमधली जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली.